ऋणनिर्देश: नियम आणि नीती

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी जे विनियम केले, त्यांत अपराधाची प्रत टक्क्यांनी ठरते. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ. पुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या पलीकडे अशा चढत्या पायऱ्या आणि त्यांना जोडलेले चढते दंड. प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध या विनियमांच्या कक्षेत येतात. विद्यार्थ्यांचे स्वाध्याय, अभ्यासक्रमातील निबंध आणि उत्तरपत्रिका मात्र त्यांतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे विद्यार्थी ज्या ठिकाणी दुसऱ्याचे वाक्य प्रथम आपल्या कागदावर उतरवितो, तेथे या विनियमांचा दंड पोहोचत नाही. म्हणूनच नीतीचा प्रश्न तेथे निर्भेळ स्वरूपात उभा राहतो. दंडाचे भय नसताना आधाराचा निर्देश का करावा?

‘न सांगता घेणे ही चोरी’ हे या प्रश्नाचे रूढ उत्तर. ते पुरेसे नाही. चोरीत मूळ धन्याची वस्तू जाते. विचार घेतल्याने मूळ विचारवंताकडचा विचार कमी होत नाही. शिवाय काव्यव्यवहाराने उसनवारीकडे नेहमीच काहीशा सौम्य दृष्टीने पाहिले आहे. या बाबतीत राजशेखराची साक्ष महत्त्वाची आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरीत. त्याच ‘काव्यमीमांसे’त अकरा ते तेरा हे अध्याय त्याने ‘हरणा’ला दिले आहेत. चोरी कोणता कवी करीत नाही, असे तो जवळजवळ हसतच विचारतो आणि ती झाकण्याचे कौशल्य ज्याला साधले त्याला निंदा लागत नाही, असेही सांगून टाकतो.

परंतु त्याची वर्गवारी त्याच्या विनोदापेक्षा कठोर आहे. पद, पाद, अर्ध, वृत्त आणि प्रबंध असे शब्दहरणाचे पाच प्रकार तो करतो. अर्थहरणाचा विचार स्वतंत्रपणे मांडतो. अर्थ सगळा तोच, केवळ वाक्यरचना निराळी, अशा कृतीला तो ‘प्रतिबिंबकल्प’ म्हणतो आणि आनंदवर्धनाप्रमाणेच ती त्याज्य ठरवितो. आजच्या स्वाध्यायांतील सर्वांत प्रचलित प्रकार नेमका हाच आहे. क्रियापदे फिरविली, दोन विशेषणे बदलली, की विद्यार्थ्याला ते लेखन आपले वाटू लागते. साम्य मोजणारे यंत्र मुख्यतः शब्द जुळवून पाहते. प्रतिबिंब ओळखण्यासाठी मूळ ग्रंथ वाचलेला वाचकच लागतो.

याहून लक्षणीय आहे ती राजशेखराची स्वतःची लेखनरीती. कवींच्या हरणाविषयी इतका उदार असणारा हा ग्रंथकार शास्त्र लिहू लागताच प्रत्येक मताला नाव लावतो. हे आचार्यांचे, हे वामनाचे, हे मंगलाचे, हे आनंदाचे. पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही तिच्या नावानेच येते आणि स्वतःचे मत येते ते ‘यायावरीय’ या कुलनामाने. हा विसंवाद नव्हे. काव्य वाचकाला आनंद देऊ पाहते. शास्त्र त्याची संमती मागते. ज्याला संमती मागायची आहे, त्याने ती नाकारण्याची साधनेही वाचकाच्या हाती द्यायला हवीत. कोणाचे मत, कोठून घेतलेले, हे कळले तरच वाचक ते पडताळू शकतो. तेव्हा संदर्भनिर्देश हे पूर्वसूरींचे ऋण आहेच. पण त्याआधी ते वाचकाचे देणे आहे.

या देण्याचे एक विलक्षण उदाहरण आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याशी निगडित आहे. हस्तलिखितांच्या जैन भांडारांसाठी ख्यात असलेल्या या गावातील ग्रंथमालेतून १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे दहाव्या शतकातील अपभ्रंश काव्य प्रसिद्ध झाले. विक्रम संवत १३६५ मध्ये, म्हणजे इ. स. १३०८ च्या सुमारास, गंधर्व नावाच्या कवीने आश्रयदात्याच्या इच्छेवरून या काव्यात भैरवानंदाचे आगमन, यशोधराचा विवाह आणि जन्मांतरांचा वृत्तांत असे तीन प्रसंग घातले. भर घालणारे पुष्कळ असतात. गंधर्वाने मात्र घातलेला मजकूर आपला असल्याचे त्या त्या ठिकाणी सांगितले, वासवसेनाच्या पूर्वरचनेचा आधार घेतल्याचेही नमूद केले आणि पुढचे शब्द पुष्पदंताचे आहेत, अशी खूण ठेवली. सहाशेहून अधिक वर्षांनी संपादकाला दोन हात वेगळे करता आले, ते या खुणांच्या बळावर.

यात आत्मप्रौढी नव्हती काय? असेलही. परंतु ‘हे माझे’ म्हणणारा आपल्या दोषांचेही उत्तरदायित्व घेतो. गंधर्व मौन राहता, तर त्याच्या ओळींचे श्रेय आणि वैगुण्य दोन्ही पुष्पदंताच्या माथी गेले असते. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून देणे जितके अनुचित, तितकेच आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालणेही अनुचित आहे. अवतरणचिन्ह दोघांचेही रक्षण करते.

आता वस्तुस्थितीकडे वळले पाहिजे. तालुक्याच्या गावी एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मूळ ग्रंथ अनेकदा येतच नाही. वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांना आधार दिलेला नसतो. बाजारातील मार्गदर्शिका स्वतःच आधार लपविते. ज्याने ऋण मान्य होताना कधी पाहिलेच नाही, त्याच्याकडून ऋणनिर्देशाची अपेक्षा करणे हा काहीसा अन्याय आहे आणि त्याचा वाटा अध्यापकाकडेही जातो. याच टंचाईतून दुसरे असत्य जन्मते. मार्गदर्शिकेत भेटलेले अवतरण थेट ‘काव्यमीमांसे’च्या नावे, पृष्ठांकासह दिले जाते. येथे शब्द चोरलेले नसतात, संदर्भाचा साचाही निर्दोष असतो. खोटे असते ते केवळ वाचन. असा निर्देश वाचकाला अशा वाटेवर पाठवितो, जिच्यावरून लेखक कधी गेलेलाच नाही.

यावर उपाय साधा, पण मानाला झोंबणारा आहे. जे हाती होते त्याचेच नाव लिहावे. मूळ ग्रंथ न पाहता अवतरण घेतले असल्यास ते अमुक पुस्तकातून घेतले असे म्हणावे. आधार वर्गातील टिपणाचा असेल तर तसेच नोंदवावे. अशी सूची दरिद्री दिसेल आणि तिला कदाचित दोन गुण कमीही मिळतील. अध्यापकाची परीक्षा होते ती तेथे. भपकेदार खोट्या सूचीपेक्षा दोन खऱ्या नावांची सूची त्याने श्रेष्ठ मानली नाही, तर नियमांच्या पुस्तकाने काही साधणार नाही. गंधर्वाजवळ तळटीप नव्हती, पृष्ठांक नव्हता, संदर्भाची कोणतीही संहिता नव्हती. आपला शब्द कोठे संपतो आणि दुसऱ्याचा कोठे सुरू होतो, एवढे मात्र त्याला ठाऊक होते आणि ते त्याने सांगितले.