‘ड्रेसिंग केले’ म्हणजे नेमके काय केले?

नऊ नंबरच्या आजोबांच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. ‘ड्रेसिंग केले.’ तीन दिवस हेच दोन शब्द, खाली सह्या मात्र तिघींच्या. जखम केवढी, तळ लाल की पिवळा, पाणी किती सुटतंय, वास येतो का, कडा कशा आहेत? एक अक्षर नाही. जखम भरतेय की चिघळतेय हे रात्रपाळीच्या सिस्टरनं कशावरून ओळखायचं? तुमच्या सहीवरून?

ट्रेमधली मोजपट्टी शोभेला ठेवलेली नाही. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, खोली निर्जंतुक प्रोबनं. कातडीखाली पोकळी असेल तर तीही प्रोबच दाखवतो. आणि मधुमेही पायाच्या जखमेत तो टणक हाडाला लागला, तर गुपचूप पट्टी बांधून मोकळं व्हायचं नाही. हाडात जंतू शिरल्याची शंका धरून सर्जनला लगेच कळवायचं. हे तिसऱ्या वर्षाला सांगावं लागतंय!

आता जखमेवर ओतता ते पेरोक्साईड. फेस आला की तुम्हाला वाटतं, घाण निघाली. त्या फेसात नव्यानं धरू लागलेल्या पेशीही मरतात. लाल, दाणेदार, स्वच्छ जखमेला सलाईन पुरतं. ‘वारं लागू द्या, खपली धरू द्या’ हा शेजारणीचा सल्लाही वॉर्डात नको. जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२ सालीच डुकरांच्या जखमांवर दाखवून दिलं, की ओलसर राखलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर कातडी धरते. तुम्ही अजून कोरडा गॉज चिकटवताय आणि दुसऱ्या दिवशी तो नव्या कातडीसकट उपटताय. आजोबा कळवळले, तर म्हणे ‘थोडं सहन करा’. का करावं त्यांनी?

ओलसर म्हणजे चिंब नव्हे, हेही डोक्यात घ्या. आजोबांच्या जखमेच्या कडा दिवसभर धुणं धुतलेल्या बोटांसारख्या पांढऱ्या पडल्यात. तिथं ओल शोषणारं हवं, अल्जिनेट किंवा फोम. तुमच्यातल्या एकीनं वर हायड्रोजेल थापलं! जेल कोरड्या, पिवळ्या, चिकट थरासाठी. तो थर त्यानं मऊ होऊन सुटतो. उलट अल्जिनेट कोरड्या जखमेवर ठेवलंत, तर ते वाळून तिथंच चिकटतं. चांदीचं ड्रेसिंग संसर्गाची लक्षणं दिसली तरच, महाग आहे म्हणून भारी समजून नाही. स्टोअरमध्ये फोम नसतो, ही सबब मला सांगू नका. पॅराफिन गॉज खाली, जाड पॅड वर, आणि भिजलं की बदलायचं. बदलायचा कंटाळा, हे खरं कारण आहे.

बारा नंबरच्या बाईंच्या टाचेवरची काळी खपली कोरडी आहे, टणक आहे, भोवती लाली-सूज नाही. तिला हात लावायचा नाही. टाच गादीवरून अधांतरी ठेवा आणि रोज बघा. टाचेवरचा भार हलवला नाहीत, तर जगातलं कुठलंच ड्रेसिंग कामाचं नाही.

शेवटचं. पायाला रक्त पोचतंय का हे न बघता दाबपट्टी आवळली, तर आधीच उपाशी असलेला पाय काळा पडू शकतो. नाडी न चाचपता पट्टीला हात घातलेला मला दिसला, तर ती मुलगी माझ्या वॉर्डात पुन्हा ड्रेसिंग करणार नाही.