बावखल कोण उपसतं?

वसईतल्या होळीच्या बाजारात सकाळी सात वाजता माझी आत्या केळीची पानं मांडून बसलेली असते. एका हाताला लाल माठाच्या जुड्या, दुसऱ्या हाताला वेलची केळ्यांचे फणे. मी तिच्यापाशी दोन मिनिटं थांबते, तिने भरून दिलेला डबा पिशवीत टाकते आणि स्टेशनची बस पकडते. वसई रोडहून गोरेगाव. तिथल्या ऑफिसात आम्ही विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर बनवतो. ही गोष्ट त्या ऑफिसची आहे, आणि गिरीजला असलेल्या आमच्या काकाच्या वाडीचीही.

सुरुवातीला आमची सात जणांची एकच टीम नव्या पद्धतीने काम करू लागली. त्याआधी सहा महिने आराखडा, सहा महिने कोड आणि शेवटी ग्राहकाचं 'हे आम्ही मागितलंच नव्हतं', असं चालायचं. आता दर दोन आठवड्यांनी थोडंसं, पण खरोखर चालणारं काम आम्ही दाखवायला लागलो. पहिल्याच डेमोला विमा कंपनीतली एक कारकून बाई आली होती. ती संकोचत म्हणाली, "पॉलिसी नंबर मला तीन ठिकाणी टाकावा लागतो." पुढच्या डेमोला तो एकाच ठिकाणी टाकायचा होता. तिने स्क्रीनकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं. आपण लिहिलेल्या कोडमुळे कुणाचा तरी दिवस हलका झाला, हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं.

या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी तिचा छोटा जाहीरनामा लिहिला. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक करून लहान टीमच होत्या, समोरासमोर बसून बोलणाऱ्या. पण गोडी लागली की मोठ्यांनाही ते हवंसं वाटतं. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातल्या सुमारे साडेतीन हजार माणसांची अशा छोट्या टीममध्ये नव्याने मांडणी केली. आपल्या मुंबईच्या टीसीएसने २०२० पर्यंत सगळी कंपनीच अ‍ॅजाइल करण्याचं ठरवलं, आणि तिथे तर माणसं चार लाखांवर. ही नावं आमच्या वरिष्ठांच्या कानावर होतीच. त्यांनी ठरवलं, एका टीमला जमलं ते छत्तीस टीमना जमेल. मुदत तीन महिने. जबाबदारी माझी.

मी मनापासून राबले. प्रत्येक मजल्यावर फळे लावले, रंगीत चिठ्ठ्या आणल्या, प्रशिक्षणं घेतली. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने बोलायचं, दर दोन आठवड्यांनी डेमो करायचा, त्यानंतर काय चुकलं यावर मोकळेपणाने बोलायचं. लोकही मनापासून करत होते, हे मुद्दाम सांगते. कामचुकार कुणी नव्हतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सगळ्या टीमच्या फळ्यांवरचे पुऱ्या झालेल्या कामांचे आकडे वर गेले होते, आणि वरिष्ठांच्या बैठकीत माझं नाव घेतलं गेलं.

मग एक दिवस त्याच कारकून बाईंचा फोन आला. ज्येष्ठ नागरिकांच्या फॉर्ममधला एक बदल तिने सुचवला होता. आमच्या एका टीमने तो मार्चमध्येच पुरा केला होता, मी स्वतः डेमो पाहिला होता. जुलै उजाडला तरी तो तिच्या स्क्रीनवर आला नव्हता. "तुम्ही आता फार लवकर काम करता असं ऐकलं होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्या बदलाचा माग काढत मी खाली गेले. छत्तीस टीमना मिळून टेस्ट सर्व्हर एकच होता. पूर्वी टीम सहा-सहा महिन्यांनी कधी तरी त्याच्याकडे यायच्या, म्हणून तो पुरायचा. आता मी सगळ्यांचं वेळापत्रक एका तालात बसवलं होतं, आणि दर दुसऱ्या गुरुवारी छत्तीसच्या छत्तीस टीम एकदम त्याच्या दाराशी. एकाने कोड टाकला की दुसऱ्याचा बिघडायचा. त्यातून पार झालेलं काम ग्राहकाकडे पाठवायला सही देणाऱ्या रिलीज समितीपुढे जाऊन थांबायचं आणि समिती बसायची तीन महिन्यांतून एकदा. तोवर पडून राहिलेला कोड शिळा व्हायचा, इतरांच्या कोडशी जुळेनासा व्हायचा, पुन्हा मागे यायचा. प्रत्येक टीम वेगाने धावत होती आणि सगळे मिळून एका अरुंद दारात अडकले होते. हे दार मला आधी का दिसलं नाही? कारण ते कुठल्याच टीमच्या फळ्यावर नव्हतं.

त्या शनिवारी मी गिरीजला गेले. वाडीतली कथा त्याआधीच, मे महिन्यात सुरू झाली होती. केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या आणि विहिरीचं पाणी मचूळ लागत होतं.

वसईच्या वाड्या समुद्राला लागून आहेत. खाली वाळू, आणि वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं पाणी हलकं म्हणून. किनाऱ्याच्या जमिनीचा एक ढोबळ हिशेब आहे: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी मिळतं. वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला लागतं. ही पातळी राखण्यासाठी जुन्या लोकांनी वाडी-वाडीत बावखलं खणून ठेवली. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोदीव तळं. पावसाळ्यात ते भरतं, वर्षभर जमिनीत झिरपतं आणि आसपासच्या विहिरी गोड राखतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी आवाज उठवला, तेव्हा टँकरने होणारा पाण्याचा उपसा हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. तरी पुढे कितीतरी बावखलं भराव घालून बुजली.

आमचं बावखल पाच घरांत मिळून. रहाट होते तोवर दर उन्हाळ्यात पाचही घरं गाळ काढायला उतरायची. मग प्रत्येकाकडे विजेचा पंप आला. बटण दाबलं की ज्याच्या त्याच्या विहिरीतून पाणी. बावखलाकडे पाहायची गरज उरली नाही. एका कोपऱ्यात कुणी डेब्रिज टाकलं, बाकी गाळाने आणि झाडोऱ्याने भरलं.

पाणी मचूळ झाल्यावर पाच घरांची बैठक झाली. एक म्हणाला, मी जास्त ताकदीचा पंप बसवतो. दुसरा म्हणाला, मी पन्नास फूट खाली बोअर मारतो. काकाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "खाली जाशील तितकं खारं जवळ येईल." त्याने कुणाचं मन वळवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी-फावडं घेऊन एकटाच बावखलात उतरला. आठवडाभर एकटाच होता. आठव्या दिवशी शेजारच्या घरची सून टोपली घेऊन आली. पंधराव्या दिवशी चार घरं होती. पाचव्या घराने माणूस दिला नाही, पण डेब्रिज काढायला ट्रॅक्टर दिला. पाऊस लागायच्या आत तळाची वाळू दिसायला लागली.

जुलैच्या त्या शनिवारी मी पोचले तेव्हा बावखल काठोकाठ भरलं होतं आणि काका काठावर बसला होता. मी त्याला माझं दुखणं सांगितलं. टेस्ट सर्व्हर म्हणजे काय हे सांगायला बराच वेळ गेला. सगळ्या टीम आपापलं काम जिथे आणून तपासतात ती सामाईक जागा, असं शेवटी म्हटलं.

"सामाईक म्हणजे कुणाची?" काकाने विचारलं.

"सगळ्यांची."

"मग बाय, उपसतं कोण?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सर्व्हर ज्या विभागाकडे होता, त्याचं काम तो चालू ठेवणं. त्यातला गाळ, म्हणजे वर्षानुवर्षं साचलेल्या हाताने करायच्या चाचण्या, कुणाच्याच माहितीत नसलेल्या सेटिंग, 'याला हात लावू नका' म्हणून सोडून दिलेला कोड, हे कुणाचंच काम नव्हतं. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तसाच आकार तिथल्या प्रणालीला येतो. आमच्या छत्तीस टीम आपापल्या फळ्यापुढे रोज बोलत होत्या, एकमेकींशी नाही. ते बोलणं कधी सुरू करायचं हे मी कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

सोमवारी मी वरिष्ठांना सांगितलं, नवीन काही सुरू करायचं थांबवूया. दर बुधवारी प्रत्येक टीममधून एक जण द्या, सामाईक कामासाठी. त्यांचा पहिला प्रश्न बरोबरच होता: म्हणजे आकडे खाली येतील? मी म्हटलं, येतील. त्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. त्यांनी परवानगी दिली, पण सहा महिन्यांचीच, आणि तीही तयार असणाऱ्या टीमपुरती. छत्तीसपैकी नऊ टीम आल्या.

मी त्या सत्तावीसांवर रागावले नाही. बावखलातला पहिला आठवडा मला ठाऊक होता.

नऊ जण बुधवारी एका लांब टेबलाभोवती बसायचे. हाताने कराव्या लागणाऱ्या चाचण्या एकेक करून आपोआप चालणाऱ्या केल्या. कोड साठवून न ठेवता रोजच्या रोज सगळ्यांचा एकत्र करायचा, जुळत नसेल तर त्याच संध्याकाळी सोडवायचं, असं ठरलं. दोन टीमनी पुढाकार घेऊन दुसरा टेस्ट सर्व्हर उभा केला. सगळ्यात अवघड गेलं ते रिलीज समितीचं. त्यातली माणसं आडमुठी होती असं नाही. पूर्वी एका बिघाडाने त्यांना रात्र-रात्र जागवलं होतं, म्हणून ती जपून होती. मी त्यांच्यापैकी दोघांना बुधवारच्या टेबलावर बोलावलं. कशाची भीती वाटते ते त्यांनी सांगायचं आणि आम्ही त्या प्रत्येक भीतीसाठी एक चाचणी लिहायची. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतःच म्हटलं, लहान बदलांना आमची सही नको.

या काळात फळ्यांवरचे आकडे खरोखर घसरले. बैठकीत माझं नाव घेणं बंद झालं. तीन टीमनी सकाळची उभ्याची बैठक मोडून टाकली, कारण त्यांना ती दुपारी सोयीची होती. मी त्यांना अडवलं नाही. कुठल्या वाडीने कधी पाणी सोडावं, केळी लावावी की मोगरा, हे त्या वाडीने ठरवावं. मी आधी नेमकं उलटं केलं होतं. जे ज्याचं त्याच्यावर सोडायचं, ते मी सगळीकडे एकसारखं केलं, आणि जे सगळ्यांनी मिळून राखायचं, ते कुणावरच सोपवलं नाही.

पाचव्या महिन्यात कारकून बाईंनी एक बदल सुचवला. तारखेच्या चौकटीचा, अगदी लहान. तो तिच्या स्क्रीनवर नवव्या दिवशी पोचला. तिने फोन केला नाही. तिला फोन करायची गरजच पडली नाही, हे मला दोन आठवड्यांनी लक्षात आलं. सहा महिने संपले तेव्हा बुधवारच्या टेबलाला आणखी पाच खुर्च्या लागत होत्या.

यंदा मे महिन्यात एका सकाळी काका होळीच्या बाजारात आला. त्याच्या हातात विहिरीच्या पाण्याची बाटली होती. आमच्या घरात पाण्याची पारख आत्याची, तिची जीभ चुकत नाही. तिने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, डोळे मिटले. काका तिच्या तोंडाकडे पाहत होता. मीही पाहत होते, माझी बस समोर उभी होती तरी.

"गेल्या वर्षीपेक्षा गोड आहे," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, "तळाला किंचित आहे अजून."

काकाने मान हलवली. बाटली पिशवीत ठेवली. "रविवारी उतरतो मग," तो म्हणाला. "पाचव्या घरचा मुलगा पण येतोय."