जित्याची खोड जात नाही काय?



आमच्या खेडोपाडी एक म्हण सर्वांच्या तोंडी आहे : जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही. घरात मुलगा तापट निघाला की बाप ही म्हण बोलतो. सून आळशी दिसली की सासू बोलते. मंडळीत कोणी वडील भांडखोर असला, तर इतर पंच त्याची आशा सोडताना हिचाच आधार घेतात. दुसरी म्हण वृद्धांविषयी आहे : साठी बुद्धी नाठी. पहिली म्हण सांगते की स्वभाव पालटत नाही. दुसरी सांगते की पालटलाच तर बिघडतो. ह्या दोन म्हणींच्या मध्ये सापडून पुष्कळ माणसे आपल्याविषयी व आपल्या घरच्यांविषयी निराश होऊन बसली आहेत. म्हणून वय, स्वभाव व शरीराचे आरोग्य ह्यांचा परस्परांशी काय संबंध आहे, ह्याचा आज आपण विचार करू.

पवित्र शास्त्र ह्या दोन्ही म्हणींस होकार देत नाही. मोशेने भर उमेदीत क्रोधाच्या आवेशात एका मिसऱ्याचा जीव घेतला. पुढे चाळीस वर्षे त्याने मिद्यानाच्या रानात मेंढरे राखली, आणि तोच मोशे पृथ्वीवरील सर्व माणसांत नम्र होता, अशी साक्ष गणनेच्या पुस्तकात आहे. योहान व याकोब ह्या भावांस प्रभूने गर्जनेचे पुत्र असे नाव दिले होते. एका शोमरोनी गावाने थारा दिला नाही, एवढ्यावरून ते गाव आकाशातील अग्नीने जाळावे असे त्यांच्या मनात आले. पण ज्या पत्रांत पानोपानी बंधुप्रीतीचाच बोध आहे, ती पत्रे मंडळी प्राचीन काळापासून त्याच योहानाच्या वृद्धापकाळची मानीत आली आहे. तर खोड जाते.

परंतु ह्याच शास्त्रात उलट दाखलेही आहेत. शलमोनाने तरुणपणी देवाजवळ ज्ञान मागितले, आणि म्हातारपणी त्याचे मन वळले ते दुसऱ्या दैवतांकडे. नम्र झालेल्या मोशेनेही उतारवयात लोकांच्या कुरकुरीने संतापून खडकावर दोनदा काठी मारली. म्हणजे वय हे आपोआप माणसास साधू करीत नाही.

काटोल-नरखेडकडील आमच्या बागाईतदार बंधूंस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. संत्रे हिरवे असता आंबट असते, दिवस भरले म्हणजे गोड होते. पण तोडणीची वेळ टळून ते तसेच झाडावर राहिले तर साल सुटून फळ पोकळ होते. वयाने गोडी येते हे खरे. पण ती टिकविण्यास राखण लागते.

अलीकडच्या विद्वानांनी पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे तपासून जे पाहिले आहे, तेही ह्याच्याशी जुळते. निरनिराळ्या ठिकाणी दीर्घकाळ चाललेल्या ९२ पाहण्यांचा एकत्र विचार २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की विशेषेकरून विशीपासून चाळिशीपर्यंत माणसाची कामातील जबाबदारी व मनाची स्थिरता वाढत जाते, आणि सौम्यपणाही वयाबरोबर वाढतो. म्हातारपणी नव्या गोष्टींची आवड मात्र काहीशी ओसरते.

ज्या स्कॉटलंड देशातून स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, त्या देशातील एक उदाहरण विशेष मनन करण्याजोगे आहे. १९३६ साली जन्मलेल्या १२०८ मुलामुलींविषयी त्यांच्या शिक्षकांनी, ती चौदा वर्षांची असता, आत्मविश्वास, चिकाटी, मनाची स्थिरता, कर्तव्यदक्षता वगैरे सहा गुणांचे टाचण करून ठेविले होते. २०१२ साली त्यांतील १७४ जणांनी पुन्हा तपासणीस मान्यता दिली. तेव्हा ते सुमारे ७७ वर्षांचे वृद्ध होते. शिक्षकांचे जुने टाचण व वृद्धांचे तेव्हाचे स्वभाव ताडून पाहता दोहोंचा मेळ फारच थोडा आढळला. पाचदहा वर्षांत माणूस बहुधा ओळखीचाच राहतो, हे अन्य पाहण्यांवरून दिसते. म्हणून म्हणीत अगदीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण साठ वर्षे हा मोठा काळ आहे. शाळेत ज्याला मास्तरांनी टाकाऊ म्हटले, तो पुढे तसाच राहील असे कोणी लिहून ठेवू नये.

हे सर्व परदेशचे झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच मंडळीचे एक घर पाहा. १८९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत नारायण वामन टिळक हे नागपुरात आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयास राहून संस्कृत ग्रंथांचे काम करीत असत. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका साहेबाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही हकिकत आपणांस ठाऊक आहेच. पण आज आम्ही त्यांच्या पत्नीकडे बोट दाखवितो. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या, तेथे त्यांच्या वडिलांचे सोवळे टोकास गेलेले होते. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे एकत्र आल्यावरही आपली चूल व आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेविले. अशा बाईच्या मनातून जातीचा भेद समूळ गेला, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. तरी पतीने आरंभिलेले ख्रिस्तायन त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले, आणि स्मृतिचित्रे ह्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते. साठी बुद्धी नाठी ही म्हण त्या घरी खोटी पडली.

आता शरीराविषयी. स्वभाव आणि आरोग्य ह्यांची वाट दुहेरी आहे. एक वाट स्वभावाकडून शरीराकडे जाते. कॅलिफोर्नियात १९२१ पासून दीड हजारांवर मुलांची पाहणी सुरू झाली व ती त्यांच्या आयुष्यभर चालली. त्यांतील जी मुले लहानपणी नेमाने व जबाबदारीने वागणारी होती, ती मोठेपणी सरासरीने अधिक जगली, असे १९९३ साली प्रसिद्ध झाले. ह्याची कारणे बरीचशी साधी आहेत. नेमाचा माणूस दारू-तंबाखूपासून बहुधा दूर राहतो, वेळेवर जेवतो, रक्तदाबाची गोळी चुकवीत नाही, आणि दुखणे अंगावर काढीत नाही. क्रोधाचे तर असे आहे की संतापाचा मोठा झटका येऊन गेल्यावर सुमारे दोन तास हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. तरी ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की जो आजारी पडला तो स्वभावाने वाईट. ईयोबाच्या मित्रांनी हीच चूक केली. आणि जन्मांध मनुष्य कोणाच्या पापामुळे आंधळा जन्मला ह्या प्रश्नावर प्रभूने शिष्यांची समजूत दुरुस्त केली.

दुसरी वाट शरीराकडून स्वभावाकडे येते, आणि आमच्या मंडळ्यांत हिच्याकडे फार दुर्लक्ष होते. ऐंशी वर्षांच्या बर्जिल्लयाने दावीद राजास सांगितले की मला अन्नाची चव कळत नाही व गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून त्याने राजाच्या पंक्तीचे आमंत्रण नाकारले. त्याने कारण सांगितले म्हणून राजास राग आला नाही. आमचे वृद्ध कारण सांगत नाहीत, पुष्कळदा त्यांना ते ठाऊकही नसते. ज्याला ऐकू येत नाही तो लोक आपल्याविषयीच कुजबुजतात असे समजतो. थायरॉइडच्या विकाराने माणूस चिडका किंवा मंद होतो. साखर एकाएकी उतरली तर तो भलतेच बोलतो. लघवीच्या मार्गात जंतू झाले तर म्हातारे माणूस एका दिवसात भ्रमिष्टासारखे वागू लागते. मेंदूचा एक विकार असा आहे की त्यात स्मरणशक्ती शाबूत असता वागणूक आधी पालटते. मर्यादशील मनुष्य शिवराळ होतो, काटकसरी मनुष्य पैसा उधळतो, आणि हे पुष्कळदा पासष्टीच्या आतच घडते.

उपदेशक बंधूंनो, येथे तुमच्यावर मोठी जबाबदारी आहे. जो वडील वीस वर्षे शांतपणे पेटीचा हिशेब ठेवीत आला, तोच जर थोड्या महिन्यांत संशयी झाला, घरच्यांवर चोरीचा आळ घेऊ लागला, उपासनेत मध्येच उठून बोलू लागला, तर त्यास व्यासपीठावरून टोचू नका, मंडळीबाहेर काढण्याचा ठराव मांडू नका, आणि भूतबाधा झाली म्हणून त्यास भगताकडे तर मुळीच नेऊ देऊ नका. त्याच्या घरी जा व घरच्यांना तीन गोष्टी विचारा : हा पालट केव्हापासून? एकाएकी की हळूहळू? झोप, जेवण, औषध व कान-डोळे ह्यांची स्थिती कशी? पालट एकाएकी झाला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळूहळू झाला असेल तरी महिना दवडू नका. आधी गावच्या आशाताईंस सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तेथून गरज पडल्यास नागपुरात मेयो आहे, मेडिकल आहे, मिहानातील एम्स आहे, आणि मनाच्या दुखण्यांसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२ पासून सरकारने १४४१६ ह्या क्रमांकावर मनःस्वास्थ्याचा सल्ला विनामूल्य ठेविला आहे. प्रार्थना अवश्य करा; पण प्रार्थना करून आलेल्या हाताने रोग्याचा हात धरून त्यास वैद्याकडे न्या.

आणि ज्यास रोग नाही, केवळ जुनी खोड आहे, त्याने काय करावे? त्याने ती उद्यावर टाकू नये. स्वभाव पालटण्याच्या उपचारांविषयी २०७ अभ्यासांचा एकत्र विचार २०१७ साली झाला. ते उपचार सरासरी २४ आठवडे चाललेले होते, आणि तेवढ्यातही चिंता व अस्वस्थता कमी झाल्याचे स्पष्ट दिसले. चोवीस आठवडे म्हणजे कपाशीच्या एका हंगामाहून फारसे अधिक नव्हे. तापट मनुष्याने एवढाच नेम धरावा की राग आला असता ओटा उतरून विहिरीपर्यंत जाऊन यावे, मग बोलावे. आळशाने एकच काम रोज एकाच वेळी करावे. चिंता करणाऱ्याने आपली चिंता एका विश्वासू भावास किंवा बहिणीस आठवड्यातून एकदा सांगावी. पेरले ते दुसऱ्या दिवशी उगवत नाही, म्हणून कोणी शेत सोडून जात नाही.

पवित्र आत्म्याचे जे फळ पौलाने गलतीकरांस गणून दाखविले, त्यात सौम्यता व इंद्रियदमन ही आहेत. फळ म्हटले की त्यास काळ लागतो, आणि राखणही लागते. तर बापांनो, तापट मुलाच्या कपाळी म्हण लिहू नका. मुलांनो, चिडलेल्या बापास वेडा म्हणण्यापूर्वी त्याचे दुखणे विचारा. पंचांनो, ज्याची आशा तुम्ही सोडली आहे त्याच्या दारी ह्या आठवड्यात एकदा जा. आणि ज्या देवाने मोशेस रानात चाळीस वर्षे वागविले, तो आमच्याही वयाचा प्रत्येक दिवस आमच्या सुधारणुकीस लावो, हीच आमची विनंती. आमेन.