निद्रा आणि कर्तव्यबुद्धी

ज्याचे मन निर्मळ त्यास झोप गाढ, आणि ज्याच्या मनास काही बोचते तो रात्रभर कूस बदलतो, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागरपर्व आहे, ते एका राजाच्या निद्रानाशातूनच सुरू होते. पांडवांकडून परतलेला संजय धृतराष्ट्रास दोष देऊन, निरोप उद्या सभेत सांगेन म्हणून निघून गेला आणि राजाची झोप उडाली. त्याने विदुरास बोलावले. झोप कोणास येत नाही हे सांगताना विदुराने चोर व कामातुर यांच्याबरोबर बलवानाने गाठलेला दुर्बळ आणि सर्वस्व गमावलेला मनुष्यही मोजला. म्हणजे दोषी आणि पीडित दोघेही एकाच रात्री जागे असतात. तेव्हा निद्रानाश हा अपराधाचा पुरावा मानता येत नाही.

मग तो कशाचा पुरावा मानावा? आमच्यापुढे येथील उदाहरण आहे. लखनौत गोमतीपलीकडे वसविलेल्या गोमती नगरातील वस्त्यांस विवेक खंड, विनय खंड, विश्वास खंड, विराम खंड अशी नावे आहेत. विवेक आणि विनय हे गुण नोकरीत अंगवळणी पडतात. विराम मात्र पत्त्यावरच राहतो. बदलीचा हुकूम, साताऱ्यास एकट्या राहिलेल्या आईचे दुखणे, मुलीची परीक्षा, अशा निमित्ताने चार रात्री डोळा लागला नाही तर त्यात विपरीत काही नाही. संकटकाळी मनाने पहारा करावा, हा निसर्गाचाच नियम आहे.

खरा प्रश्न पुढे आहे. आई बरी होते, मुलगी उत्तीर्ण होते, तरी झोप परतत नाही. आठवड्यातून तीन रात्री, आणि असे तीन महिने चालले, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास जुनाट निद्रानाश म्हणते. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली त्याच्या कारणांचे तीन वर्ग सांगितले: मूळ प्रवृत्ती, निमित्त आणि दुखणे पोसणारी कारणे. निमित्त सरते, पोसणारी कारणे उरतात. आणि ती बहुधा आमच्या सद्गुणांतून निपजलेली असतात, हे आम्हांस विशेष वाटते. उद्योगी मनुष्य झोपेची भरपाई करण्यासाठी नऊलाच अंथरूण धरतो, रविवारी दुपारी निजतो, मध्यरात्री घड्याळ पाहून उरलेल्या तासांचा हिशेब मांडतो. प्रयत्नाने सर्व साधते या श्रद्धेने तो झोपेमागे लागतो. आणि प्रयत्न म्हणजेच जागृती असल्याने तो अधिकच जागा होतो. हळूहळू अंथरूण हेच काळजीचे ठिकाण होते. घरी तळमळणारा हाच गृहस्थ पुष्पक एक्सप्रेसच्या बर्थवर मात्र घोरत मुंबईस पोचतो, कारण तेथे झोपलेच पाहिजे असा हट्ट नसतो.

म्हणूनच यावरील उपायही उलट्या दिशेचा आहे. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 साली सांगितले की, झोप येईना तर अंथरुणावरून उठावे, पेंग आल्यावरच परतावे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. व्हिक्टर फ्रँकल यांनी तर झोप न येणाऱ्यास मुद्दाम जागे राहण्याचा प्रयत्न करावयास सांगितले. घोरताना श्वास अडकणे किंवा मनाची खोल उदासी यांस मात्र वैद्याचाच सल्ला हवा; तेथे तत्त्वचिंतनाने भागत नाही.

हे शहर लक्ष्मणाचे, अशी परंपरा आहे. वनवासात तो चौदा वर्षे जागला; पण त्याच्या वाट्याची झोप ऊर्मिलेने घेतली, असे दक्षिणेतील लोककथा सांगते. जागणाऱ्या वीराच्या झोपेचाही भार कोणास तरी वाहावा लागला, हे लोकमनाने ओळखले होते. आपणांस तशी बदली माणसे मिळत नाहीत. रजेवर जाताना आपण कार्यभार दुसऱ्याकडे सोपवितो आणि कचेरी आपल्यावाचून चालते हे निमूटपणे मान्य करतो. जग आपल्यावाचून सहा-सात तास चालेल, हे मात्र रात्री मान्य करवत नाही. कर्तव्यबुद्धीच्या आड लपलेला हा अहंकार ओळखणे आम्हांस औषधाइतकेच आवश्यक वाटते. दिवसभर निष्ठेने काम केलेल्या मनुष्याने रात्री कार्यभार खाली ठेवला, तर त्यात कर्तव्याची हानी नाही. सकाळी तो पुन्हा त्यालाच उचलावयाचा आहे.