चुनखडीच्या भरवशावर

पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होते आणि आम्लता मोजणाऱ्या पीएच या मापावर, ज्यात ७ हा अंक उदासीन मानला जातो, ते सुमारे ५.६ पर्यंत उतरते. त्याखाली गेलेल्या पावसाला आम्लवर्षा म्हणतात. या मापात एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते, त्यामुळे अर्ध्या अंकाची घटही किरकोळ ठरत नाही. दगडी कोळशातील गंधक जळून निघालेला सल्फर डायऑक्साइड आणि भट्ट्यांच्या व इंजिनांच्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनलेली ऑक्साइडे ढगांत पोहोचून सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांत बदलतात, ही त्यामागची मुख्य प्रक्रिया होय.

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते, आणि कुंकवाचा पूर्वापार आधार असलेली हळद हा आम्ल व अल्क यांचा घरगुती धडाच आहे. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी पडते. (अर्थात हळदीने पाऊस तपासता येत नाही; तिचा रंग अल्काने पालटतो, आणि आम्लधर्मी पाण्यात ती साध्या पाण्यातल्यासारखीच पिवळी राहते.) आम्ल आणि चुना एकमेकांना निष्प्रभ करतात, हा त्या धड्याचा गाभा सोलापूर जिल्ह्याच्या आकाशालाही लागू पडतो. या अवर्षणप्रवण पठारावर काळ्या मातीत चुनखडीचे खडे सर्रास सापडतात, कोरड्या महिन्यांत तिची धूळ हवेत मिसळते आणि पावसाच्या थेंबातील आम्ल जमिनीवर येण्याआधीच बरेचसे शमते. स्वीडन व नॉर्वेतील ग्रॅनाइटी भूमीवरच्या तळ्यांना असे कवच नव्हते, म्हणून तेथे मासे नाहीसे झाले आणि १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाविषयी आंतरराष्ट्रीय करार करावा लागला.

मात्र पाऊस आम्लधर्मी दिसत नाही, एवढ्यावरून आम्ल तयारच झाले नाही असा निष्कर्ष काढणे हे दुसऱ्याने कर्ज फेडल्यावर कर्ज नव्हतेच असे म्हणण्यासारखे आहे. चुन्याने आम्ल शमले तरी सल्फेट उरते, आणि पाऊस नसताना त्याचेच सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत जातात. त्यातही एक विपरीत गोष्ट अशी की औष्णिक वीज केंद्रे राख अडवणारी यंत्रे बसवतात तेव्हा आम्लाला आवर घालणारी अल्कधर्मी राख थांबते, वायू मात्र मोकळाच सुटतो. राख अडवणे योग्यच आहे. अर्धीच सफाई करून हात झटकणे योग्य नाही.

जबाबदारीचा प्रश्न येथे सुरू होतो. सोलापूरजवळच्या फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते आणि त्याला पाणी उजनी धरणातून मिळते, ज्याच्या फुगवट्याखाली करमाळा तालुक्यातील जमीनही गेली आहे. पावसाळी वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहत असल्याने त्या केंद्राचा धूर बहुधा पूर्वेकडे सरकतो, तर केमवर येणारी हवा पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूने येते. धूर एकाचा आणि पाऊस दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे. केमच्या स्थानकातून विजेवर जाणारी गाडी तेथे धूर सोडत नाही, तो कुठल्यातरी दूरच्या धुराड्यातून निघतो. साखर पांढरी व्हावी म्हणून कारखान्यांत गंधक जाळून त्याचा वायू उसाच्या रसात सोडतात, आणि ती पांढरी साखर प्रत्येक घरात हवी असते. तरीही जबाबदारी सामायिक आहे म्हणजे समसमान आहे असे नव्हे. दिवा लावणारे घर आणि धुराड्याचा मालक एका पारड्यात बसत नाहीत, आणि धुराड्यावरचा उपाय घराघरांतून होणारही नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली, ती वाहनचालकांच्या सदिच्छेने नव्हे, शासनाच्या नियमाने आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या खर्चाने.

वीज केंद्रांबाबत असा नियम ७ डिसेंबर २०१५ रोजी झाला होता. त्याच्या पूर्ततेसाठी प्रचलित असलेल्या यंत्रणेत धुराड्याकडे जाणारा वायू चुनखडीच्या मिश्रणातून नेला जातो आणि गंधक जिप्समच्या रूपाने हाती येते. मुदत पुन्हापुन्हा पुढे ढकलली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशी कोळशात गंधक कमी असल्याचा आधार घेत मोठ्या शहरांपासून व प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट देण्यात आली. चुनखडी दोन्ही परिस्थितींत खर्ची पडते; यंत्रणा बसवली तर ती केंद्राच्या खात्यातून जाते, आणि न बसवली तर शेतकऱ्याच्या मातीतून, विनामूल्य.