खरवडलेला नंबर



आपल्या धर्मग्रामातला एक तरुण काही वर्षांपासून कॅनडात नोकरी करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. ते पापनिवेदन नव्हते, मनातली एक शंका होती. आणि त्याची परवानगी घेऊनच मी हे लिहितो आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने कामावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी स्नोमोबाइल रोख पैसे देऊन घेतली. यंदा थंडी सुरू होण्याआधी ती साफ करताना त्याला दिसले, की जिथे गाडीचा नंबर असायला हवा तिथला पत्रा कानशीने घासलेला आहे. विकणारा नोकरी सोडून दुसऱ्या प्रांतात गेला आहे आणि फोन उचलत नाही. मुलाने मला विचारले, "फादर, मी चोरी केलेली नाही. घामाचे पैसे मोजलेत. मग माझे पाप कुठे?"

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची स्कूटर समजा. पुढे घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा फिरता पट्टा. श्रीमंतांची मौज म्हणून ती आपल्याला ठाऊक असते, पण तिच्यामागे एका बापाचे दुःख आहे. क्वेबेकमधले जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात अपेंडिक्सच्या आजाराने गेला. बर्फामुळे त्याला इस्पितळात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे त्यांचे प्रयोग आधीपासून चालू होतेच. १९३७ साली त्यांना पेटंट मिळाले आणि १९५९ साली त्यांची छोटी 'स्की-डू' बाजारात आली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत आजही शिकार, मासेमारी आणि शेजारच्या गावी जाणे याच गाडीवर चालते. तेव्हा ज्याची गाडी गेली त्याचे काय गेले असेल, याचा विचार आधी करायला हवा.

आजच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक असतो. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरे घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. इतकी काळजी कशासाठी? एका गाडीला दुसरी समजले जाऊ नये म्हणून. (आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एकाच नावाचे तीन-तीन जण सापडतात, तेव्हा मला या पद्धतीचा हेवा वाटतो.) गाडी चोरीची आहे का, हे कॅनडात कुणालाही हा क्रमांक घालून पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते. क्रमांक खरवडणाऱ्याला नेमके तेच नको असते. तिथल्या फौजदारी कायद्यात २०१० साली संमत झालेल्या दुरुस्तीने योग्य कारणाशिवाय क्रमांक पुसणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याहूनही जुनी तरतूद अशी, की उलट पुरावा नसेल तर पुसलेला क्रमांक हाच ते वाहन गुन्ह्यातून आल्याचा पुरावा धरला जातो.

पण मुलाने कायदा विचारला नव्हता, पाप विचारले होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी परतफेडीविषयी लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या : वस्तू कशी घेतली आणि वस्तू कुणाची आहे. घेण्यात पाप असेल तर परत करणे भागच आहे. पण घेण्यात काडीचेही पाप नसले, तरी वस्तू दुसऱ्याची असेल तर ती त्याच वस्तूमुळे परत करावी लागते. "मी चोरी केलेली नाही" हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसरा प्रश्न अजून अंगणात उभा आहे.

मागच्या हिवाळ्यात या मुलाने गाडी सद्भावनेने घेतली. तेव्हा त्याने वाकून पाहायला हवे होते असे कुणी म्हणेल, पण कामावरच्या सोबत्यावर विश्वास ठेवणे याला मी पाप म्हणणार नाही. मात्र घासलेला पत्रा दिसला त्या दिवसापासून त्याची स्थिती बदलली. आता मनात संशय आहे, आणि संशय आला की शोध घेणे हे कर्तव्य ठरते. अक्विनस एका विशेष अज्ञानाबद्दल सांगतात : जे माणूस मुद्दाम पाळतो, कळले तर सोडावे लागेल म्हणून. असे अज्ञान माणसाला निर्दोष करीत नाही. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत हे फार घडते. उरलेली निम्मी किंमत आपण प्रश्न न विचारून चुकती करतो.

याची दुसरी बाजूही बायबलमध्ये आहे. तोबित आंधळा झाला तेव्हा त्याची पत्नी अन्ना विणकाम करून घर चालवी. मालकांनी एकदा मजुरीवर खुशीने एक करडू दिले. घरात करडाचा आवाज ऐकून तोबितने ते चोरीचे ठरवले आणि परत करायला लावले. तिने बक्षीस म्हणून सांगितले तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी तिने त्याच्या धार्मिकपणावरच बोट ठेवले, आणि बरोबर ठेवले. तोबितची नीती चोख होती, पण मालकाकडे माणूस पाठवून विचारावे हे त्याला सुचले नाही. खरवडलेल्या नंबरालाही निष्पाप कारण असू शकते. अपघातानंतर पत्रा बदलला असेल, गंज घासताना अंक गेले असतील. म्हणून विकणाऱ्याला चोर ठरवून मोकळे होऊ नये. विचारावे.

आणि विचारायचे कुठे? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की भावाचा चुकलेला बैल दिसला तर न पाहिल्यासारखे करू नये. मालक माहीत नसेल तर बैल घरी आणून त्याचा शोध लागेपर्यंत सांभाळावा. त्या बैलाला नंबर नव्हता, पण आज मालक शोधण्याची व्यवस्था आहे. मी मुलाला सांगितले, की आधी तिथल्या वकिलाला भेट, मग स्वतः होऊन पोलिसांकडे जा. इंजिनावर वेगळा क्रमांक असतो, त्यावरून माग लागू शकेल.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "गाडी जाईल आणि पैसेही." खरे आहे. पैसे विकणाऱ्याकडून मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, ते मिळतील याची खात्री मी देऊ शकत नाही. त्याच्या इथल्या नातलगांनी सुचवले, की गुपचूप विकून टाक. तसे केले तर आज त्याच्यावर आलेली वेळ पुढच्या माणसावर येईल, आणि त्या वेळी विकणारा जाणूनबुजून विकत असेल.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण जुन्या मोटारसायकली दारोदार आहेत. मालकी बदलताना आरटीओच्या अर्जावर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला छाप लागतो. नंबर खरोखरच झिजला असेल तर तपासणीनंतर आरटीओच्या परवानगीने तो पुन्हा पंच करून मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, चोरीचा माल आहे असे वाटण्यास कारण असूनही अप्रामाणिकपणे घेणारा दोषी ठरतो. तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे कागद न बदलता अशी गाडी वापरली आहे, त्यांनी या आठवड्यात पेन्सिल घेऊन एकदा खाली वाकावे. छाप उमटला नाही तर मिस्सानंतर मला भेटा. आपल्यातले काही जण आरटीओच्या कामातले जाणकार आहेत, त्यांच्याशी गाठ घालून देईन.

तुमचा धर्मगुरू