श्वापदाचा पत्ता

जगाचा शेवट जवळ आला की सगळ्या देशांवर एकच सत्ता बसेल, तिच्या प्रमुखाच्या रूपाने ख्रिस्तविरोधक येईल आणि त्याचा शिक्का उजव्या हातावर किंवा कपाळावर घेतल्याशिवाय कोणाला मीठमिरचीही विकत घेता येणार नाही, ही धास्ती ख्रिस्ती जगाच्या एका मोठ्या भागात मुरलेली आहे. ती चार वेडपटांची आहे असं समजायचं कारण नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२२ मधल्या पाहणीत अमेरिकेतल्या ३९ टक्के प्रौढांनी आपण अंतकाळात जगत आहोत असं सांगितलं. राष्ट्रसंघ, युरोपीय महासंघ, बारकोड, लस, डिजिटल चलन, असं प्रत्येक पिढीला, बायबलात हा शिक्का ज्याचा आहे ते श्वापद नव्या जागी दिसत आलं आहे. आपल्याकडे मिझोराममध्ये काही ख्रिस्ती गटांनी ‘आधार’ घ्यायला नकार दिला तोही याच कारणाने. या भीतीला हसणं सोपं आहे. पण ती ज्या पुस्तकाचा हवाला देते ते पुस्तक एकदा उघडून पाहायला हवं. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात सत्तेची भीती आहे, ती खरी आहे आणि आजही कामाची आहे. मात्र सत्ता ‘एक’ असण्याची ती भीती नाही. वाचणाऱ्यांनी श्वापद ओळखलं, त्याचा पत्ता तेवढा चुकवला, असं माझं म्हणणं आहे.

हे पुस्तक बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात लिहिलं गेलं. पात्म बेटावरच्या योहानाने ते आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना पाठवलं. इफिस, स्मुर्णा, पर्गम ही त्यांतली काही शहरं आज तुर्कस्तानच्या पश्चिम भागात येतात. या वाचकांना जागतिक सरकार येणार आहे असं भविष्य सांगायची गरजच नव्हती, कारण ते त्यांच्या डोक्यावर बसलेलंच होतं. ब्रिटनपासून सीरियापर्यंत एकछत्री अंमल होता, सम्राट एक, फौज एक. पर्गममध्ये ऑगस्टस आणि रोमा देवी यांच्या देवळाला इ.स.पू. २९ मध्येच परवानगी मिळाली होती, आणि इफिसमध्ये सम्राटघराण्याचं नवं देऊळ योहानाच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं होतं. बाजारात हातात पडणाऱ्या नाण्यावर सम्राटाचा चेहरा, आणि व्यावसायिकांच्या संघांच्या पंगतीत देवांना नैवेद्य. रंगाऱ्याने किंवा चांभाराने त्या पंगतीला जायचं टाळलं तर त्याच्या धंद्याचं काय होत असेल ते सांगायला नको. खरेदी-विक्री आणि पूजा एकाच ताटात वाढलेली होती, आणि तेराव्या अध्यायातला शिक्का त्या ताटाविषयी बोलतो. त्याच अध्यायात श्वापदाचा आकडा म्हणून येणाऱ्या ६६६ चं कोडंही फारसं दुर्भेद्य नाही. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं, त्या हिशेबाने ‘नेरोन कैसर’, म्हणजे सम्राट नीरो, या नावाची बेरीज बरोबर ६६६ होते. नावाच्या शेवटचा ‘न’ गाळला की ६१६ होते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत संख्या ६१६ अशीच आहे. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात कुठेच नाही. तो योहानाच्या पत्रांमधला आहे, आणि तिथे तो एकट्यादुकट्या हुकूमशहाला नव्हे, तर खोटी शिकवण देणाऱ्या अनेकांना लावलेला आहे.

याहून बोलका आहे अठरावा अध्याय. बाबेल पडते, म्हणजे रोम पडतं, तेव्हा रडतात कोण? राजे, खलाशी आणि सर्वांत जास्त व्यापारी. आणि योहान त्यांच्या मालाची यादीच लावतो. सोन्यापासून सुरुवात, मग चांदी, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, तेल, गहू, गुरं, घोडे, रथ, आणि अठ्ठावीस जिनसांच्या शेवटी गुलाम, म्हणजे जिवंत माणसं. जकातनाक्यावरच्या कारकुनाने लिहावी तशी ही यादी आहे. ज्याला केवळ सरकारच्या आकाराची धास्ती आहे तो माणूस दालचिनी मोजत बसत नाही. सत्ता आणि बाजार मिळून माणसाला जिन्नस करतात आणि वर त्याच्याकडून आरती ओवाळून घेतात, यावर योहानाचा रोख आहे.

ही कल्पना किती नेमकी होती ते पुढे दीडशे वर्षांनी दिसलं. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या मातीत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांतला एक फयूम भागातल्या ‘अलेक्झांडरचं बेट’ नावाच्या गावातल्या म्हाताऱ्याचा आहे. वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. आपल्या सरकारी फॉर्मांवर ‘ओळखीची खूण’ असा रकाना असतो, अगदी तसाच. मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आत्ताही तुमच्यासमोर दिला, नैवेद्य चाखला, कृपया सही करावी, असा एकूण मायना. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला, आणि छळ ओसरल्यावर या दाखलेवाल्यांना मंडळीत परत घ्यायचं की नाही यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतरांत मोठा वाद झाला. इतिहासात शिक्क्याच्या सर्वात जवळ जाणारी वस्तू कुठली असेल तर हा पपायरसचा तुकडा. त्याचा मजकूर पुन्हा वाचला तर दिसतं की त्यात नाव-गाव ही केवळ सोय आहे. खरी मागणी पूजेची आहे.

आता गंमत अशी की याच रोमन सत्तेखाली जगणाऱ्या अनेक ख्रिस्ती विचारवंतांना तिच्या एकछत्रीपणाची धास्ती वाटत नव्हती. त्यांना उलट काळजी होती ती हे छत्र मोडण्याची. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अधर्माच्या पुरुषाला, म्हणजे परंपरेच्या लेखी ख्रिस्तविरोधकाला, कोणीतरी अडवून धरलं आहे असा गूढ उल्लेख येतो. हा अडवणारा म्हणजे रोमचं साम्राज्य, असा अर्थ पुष्कळांनी लावला. इ.स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्याच तर्तुल्यनने तर सांगून टाकलं की आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, कारण रोम टिकून आहे तोवर शेवटची भयंकर संकटं लांबणीवर पडलेली आहेत. सातव्या शतकात सिरियाक भाषेत लिहिलेल्या, मेथोडियसच्या नावावर खपलेल्या ग्रंथाने एका अखेरच्या ख्रिस्ती सम्राटाची कल्पना रुजवली. तो राजमुकुट देवाला अर्पण करतो आणि मगच ख्रिस्तविरोधक येतो. दहाव्या शतकात अद्सो नावाच्या फ्रेंच मठवासीयाने गेर्बेर्गा राणीला लिहिलेल्या पुस्तिकेत हीच मांडणी फ्रँक राजांच्या खाती जमा केली. म्हणजे हजारभर वर्षं याच वचनांच्या आधारे जागतिक सत्ता ही बांध होती आणि ती फुटली की पूर येणार होता. वचनं तीच राहिली, भीतीने मात्र पूर्ण कूस बदलली. या भीतीचं मूळ केवळ वचनांत असतं तर असं घडलं नसतं.

कूस बदलली ती टप्प्याटप्प्याने. लूथरने पोपला ख्रिस्तविरोधक ठरवलं. मग नेपोलियनची पाळी आली. टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ मध्ये पिएर अक्षरांची बेरीज करून नेपोलियनच्या बिरुदातून ६६६ काढतो, आणि थोडी अक्षरं इकडेतिकडे करून स्वतःच्या नावातूनही काढतो. या अंकगणितावर एवढं मार्मिक भाष्य धर्मपंडितांतही क्वचितच कोणी केलं असेल. १८३० नंतर प्लिमथ ब्रदरेन पंथाच्या जॉन नेल्सन डार्बीने इतिहासाचे कालखंड पाडून भविष्याचा तपशीलवार नकाशा आखला. १९०९ मध्ये स्कोफील्डच्या टिपांसह निघालेल्या बायबलमुळे तो अमेरिकेत घरोघर गेला, आणि पुष्कळांच्या मनात टीपच वचनाइतकी पवित्र झाली. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ निघाला तेव्हा या नकाशावर त्याची जागा तयार होती. पुढे मुसोलिनीही तिथे बसवून पाहण्यात आला. १९७० मध्ये अमेरिकन लेखक हॅल लिंडसीने युरोपच्या सामायिक बाजारपेठेत बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या श्वापदाची दहा शिंगं पाहिली. त्या वेळी सदस्य सहाच होते. १ जानेवारी १९८१ ला ग्रीस दहावा सदस्य झाला आणि अनेकांना कालगणना जुळल्यासारखी वाटली. पाच वर्षांनी स्पेन आणि पोर्तुगाल आले, शिंगं बारा झाली, आणि नकाशा निमूटपणे दुरुस्त झाला. भाकीत चुकलं म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण जी वाचनपद्धत कोणत्याही घटनेने चुकत नाही ती कोणत्याही घटनेविषयी काही सांगतही नाही.

याहून वजनदार आक्षेप असा की तेराव्या अध्यायात श्वापदाला सर्व वंश, लोक, भाषा आणि राष्ट्रं यांच्यावर अधिकार दिल्याचं स्वच्छ म्हटलं आहे, मग जागतिक सत्तेची भीती मजकुरात नाही असं कसं म्हणता? म्हटलं आहे खरं. पण जवळपास हेच शब्द सातव्या अध्यायात तारलेल्या समुदायासाठी येतात, आणि पुस्तक संपतं ते एकाच नगरीपाशी, जिथे पृथ्वीवरचे राजे आपलं वैभव आणून ठेवतात. शिवाय ज्यांना जागतिक सरकारची धास्ती आहे तेच ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहतात, आणि ते राज्य काही तालुक्यापुरतं असणार नाही. तेव्हा एकी हा गुन्हा नाही. सिंहासनावर कोण बसलं आहे आणि ते काय मागतं, हा प्रश्न आहे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चपुढे करक्रमांकावरून असाच गोंधळ उभा राहिला तेव्हा २००१ मध्ये त्यांच्या धर्मशास्त्र आयोगाने याच दिशेने उत्तर दिलं: ख्रिस्ताला जाणूनबुजून नाकारल्याशिवाय कुठलाही बाहेरचा आकडा आत्म्याला बाधत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तर २००९ च्या परिपत्रकात खऱ्याखुऱ्या जागतिक राजकीय अधिकारसंस्थेची गरज बोलून दाखवली.

तरीही सत्ता एकवटण्यात धोका आहेच, आणि तो पाहायला ख्रिस्ती असावं लागत नाही. कांटने १७९५ मध्येच बजावलं होतं की सगळी राष्ट्रं एका राजसत्तेत विरघळली तर निर्जीव हुकूमशाही उरेल. रोख पैसा संपला, प्रत्येक व्यवहार एका नोंदीतून जाऊ लागला, तर एखाद्याचं खातं गोठवणं हे एका कळीचं काम होईल. अंतकाळाची धास्ती घेणाऱ्यांना हे इतरांच्या आधी जाणवलं, हे त्यांचं श्रेय. पण मग बोट कुठे रोखायचं? ‘लेफ्ट बिहाइंड’ या १९९५ पासूनच्या कादंबरीमालिकेत ख्रिस्तविरोधक संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस होतो. खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाचा २०२४ चा नियमित अर्थसंकल्प साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास होता, ज्या न्यूयॉर्कमध्ये त्याची कचेरी आहे तिथल्या पोलिसांवरचा खर्च त्याहून जास्त, आणि पाच कायम सदस्य देशांपैकी कोणीही नकाराधिकार वापरला की सुरक्षा परिषदेचा ठराव तिथेच संपतो. याला घाबरणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. योहानाने श्वापद दूरच्या परक्या कचेरीत दाखवलं नव्हतं. वाचक ज्या सरकारचा कर भरत होते, ज्या मालकाच्या पंगतीला बसत होते, तिथेच ते होतं. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सरकार देवाचा सेवक आहे आणि प्रकटीकरणाच्या तेराव्यात ते श्वापद आहे. सरकार एकच, रोमचं. आपल्याच सरकारविषयी हे दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचणं अवघड जातं, म्हणून बहुधा दुसरा अध्याय परदेशी पाठवला जातो.

तरी या वाचनपद्धतीवर सरसकट काट मारताना एका खटल्यापाशी मला थांबावं लागतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोळसा खाणीत २०१२ मध्ये हजेरीसाठी हाताचा पंजा टिपणारं यंत्र बसवलं गेलं. पस्तीसहून अधिक वर्षं तिथे काम केलेल्या एका इव्हँजेलिकल कामगाराने नकार दिला. यंत्र हातावर काही खूण उमटवत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. यंत्र बनवणाऱ्यांनी खुलासा पाठवला होता की बायबलात शिक्का उजव्या हातावर आहे, तेव्हा डावा हात, तळवा वर करून, ठेवायला हरकत नसावी. पुस्तक शब्दशः वाचणाऱ्याला हे पटायला हवं होतं. तो म्हणाला, हात कुठला याचा प्रश्न नाही. त्याने निवृत्ती पत्करली, मग खटला झाला, ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. धर्मवचनाचा अर्थ बरोबर की चूक हे ठरवणं मालकाचं काम नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सुनावणीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. हाताला इजा झालेल्या दोन कामगारांना यंत्राऐवजी कीपॅडवर क्रमांक दाबून हजेरी लावायची मुभा दिलेली होती, आणि त्यासाठी खाणीला एक छदामही खर्च आला नव्हता.